दोन अकराव्या

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आमच्या ओट्यावर सह्यांच्या कागदांची चळत पडलेली असते. इथे न्यू जर्सीत बऱ्याच शाळा लेबर डेनंतर उघडतात, आणि उघडल्या उघडल्या प्रत्येक विषयाचे शिक्षक आपापला सिलॅबस घरी धाडतात. पालकांनी तो वाचायचा, सही करायची, परत पाठवायचा. खरं सांगायचं तर ते कागद मी वाचत नाही. कुकरची शिट्टी मोजत, ओला हात ओढणीला पुसत, जिथे रेघ दिसेल तिथे सही ठोकते. यंदा लेक अकरावीत गेली. प्री-कॅल्क्युलसचा, म्हणजे कॅल्क्युलसच्या (कलनाच्या) आधीच्या गणिताचा, कागद चांगला चारपानी होता, आणि शेवटच्या पानावर सहीच्या वर एक रिकामी चौकट होती. या वर्षी तुमच्या पाल्याकडून तुमची काय अपेक्षा आहे, ते थोडक्यात लिहा. दोन ओळींची जागा. मी पेन टेकवलं आणि तसंच उचललं. लेक म्हणाली, “आई, लिही ना काहीतरी. ‘डू युअर बेस्ट’ लिही. सगळ्यांचे पेरेंट्स तेच लिहितात.” भात झाला होता, वरणाला फोडणी द्यायची होती. मी कागद फ्रिजवर चुंबकाने लावून टाकला.

जाता-येता तो दिसायला लागला, आणि मग मी तो वाचला. पहिलं पान सामानाचं. दीड इंची बाइंडर, त्यात पाच कप्पे. पेन्सिली, भरपूर, शाईने सोडवलेली टेस्ट तपासली जाणार नाही. आलेखकागद. पांढऱ्या फळ्यावरचे मार्कर. वर्गासाठी टिशूचे दोन खोके, ऐच्छिक. दुसरं पान गुणांचं. टेस्टचा वाटा किती, क्विझचा किती, होमवर्कचा किती. होमवर्क एक दिवस उशिरा दिला तर निम्मे गुण, त्यानंतर शून्य. गैरहजर राहिलात तर जितके दिवस गेले तितके दिवस काम भरून द्यायला मिळतील. वर्गात शिरताना फोन दाराशी टांगलेल्या कापडी खिशात, आपापल्या नंबरच्या. तिसऱ्या पानावर ठळक अक्षरांत: नुसतं उत्तर बरोबर असून चालणार नाही, पायऱ्या दिसल्या पाहिजेत. आणि कुठेतरी कोपऱ्यात पात्रता: अल्जिब्रा टूमध्ये अमुक एवढी श्रेणी किंवा आधीच्या शिक्षकांची शिफारस. इतकं सगळं इतक्या शांतपणे कुणी लिहून दिलेलं मी माझ्या शिक्षणात कधी पाहिलं नव्हतं. वाचताना कौतुक वाटत होतं, आणि थोडा रागही येत होता. राग कशाचा, ते लगेच कळेना.

माझी अकरावी चाळीसगावची, नव्वदच्या दशकातली. वर्गात शंभराच्या वर मुलंमुली, पंखे दोन, त्यातला एक नुसता टांगलेला. जून असूनही खानदेशातलं ऊन उतरलेलं नसे आणि मागच्या बाकांपर्यंत सरांच्या आवाजाऐवजी स्टेशनातल्या शंटिंगचा आवाज पोचायचा. सरांनी पहिल्या दिवशी हजेरी घेतली, फळ्यावर साइन स्क्वेअर थीटा अधिक कॉस स्क्वेअर थीटा बरोबर एक एवढं लिहिलं, आणि सुरू झाले. सामानाची यादी नाही, गुणांची विभागणी नाही, आमच्याकडून काय हवंय याची वाच्यता नाही. पात्रतेच्या अटी मात्र होत्या, आणि कडक होत्या. दहावीपर्यंत आम्ही भूमितीच्या वहीत पक्ष, साध्य, रचना, सिद्धता असं वळणदार अक्षरात लिहीत होतो. एका उन्हाळ्यात तेच गणित इंग्रजीतून आलं. ज्यांना इंग्रजी येत होतं त्यांचं गणित आपोआप सुधारलं, आणि दहावीला बीजगणितात पैकीच्या पैकी मिळवलेली आमच्या शाळेतली एक मुलगी दिवाळीपर्यंत आर्ट्सला निघून गेली. तिला कुणी जा म्हटलं नव्हतं. थांब असंही कुणी म्हटलं नाही.

त्यात अकरावी म्हणजे आरामाचं वर्ष, असं सगळ्यांनीच धरलेलं. दहावीचं बोर्ड झालं, बारावीचं बोर्ड यायचंय, मधलं हे वर्ष दम खायला. अकरावीची परीक्षा कॉलेज आपली आपण घेणार, तिचे गुण पुढे कुणी विचारणार नाही. क्लासवाले दिवाळीनंतर सरळ बारावीचा पोर्शन काढायचे. आता तिचा कागद समोर धरून पाहते तेव्हा दिसतं, की त्या उडवून लावलेल्या वर्षात जे होतं ते म्हणजेच हिचं प्री-कॅल्क्युलस. फल, म्हणजे फंक्शन. त्रिकोणमिती. लॉगॅरिदम. श्रेढी. शंकुच्छेद. काल्पनिक संख्या. कॅल्क्युलेटरला बंदी असल्यामुळे लॉग टेबलची ती पातळ पुस्तिका कायम दप्तरात, तिच्या कडा बोटांच्या घामाने तपकिरी झालेल्या. ओळ धरून बोट सरकवायचं, उजवीकडच्या रकान्यातला फरक त्यात मिळवायचा, आणि बार वन पॉइंट काहीतरी असं उत्तर आलं की ऋण भाग डोक्यावर रेघ देऊन वेगळा ठेवायचा. लॉगॅरिदम कशासाठी आहे हे मला कुणी सांगितलं नाही. पण मोठा गुणाकार टाळायला तो आहे हे बोटांना आपोआप कळलं, कारण न टाळून सुटका नव्हती.

इथली अकरावी नेमकी उलट. कॉलेजांचे अर्ज बारावीच्या सुरुवातीलाच जातात, त्यामुळे पूर्ण वर्षाचे म्हणून जे शेवटचे गुण तिथे पोचतात ते अकरावीचे. म्हणून सगळं ओझं या वर्षावर. मुलं सोळा वर्षांची, कुणाला नुकतं गाडी शिकायचं परमिट मिळतंय, कुणाच्या दातांच्या तारा निघतायत, आणि याच वर्षी एसएटी ही कॉलेजप्रवेशाची परीक्षा, याच वर्षी सगळे अवघड विषय.

आणि याच वर्षी प्री-कॅल्क्युलस, निदान आठवीत अल्जिब्रा उरकलेल्यांना. रांग ठरलेली आहे: अल्जिब्रा वन, जॉमेट्री, अल्जिब्रा टू, प्री-कॅल्क्युलस, कॅल्क्युलस. नववीत अल्जिब्रा वनने सुरुवात केली तर बारावीला प्री-कॅल्क्युलसपाशी शाळा संपते. म्हणून ज्यांना पुढे जायचंय ते आठवीतच, काही तर सातवीत, अल्जिब्रा उरकून घेतात. तेरा वर्षांच्या मुलाने कुठल्या वर्गात बसावं यावर त्याची अठराव्या वर्षाची जागा ठरते, आणि हे ज्या घरांना आधी माहीत असतं त्यांची मुलं बरोबर जागी बसलेली सापडतात. सॅन फ्रान्सिस्कोने २०१४ मध्ये यावर उपाय म्हणून आठवीतला अल्जिब्राच काढून टाकला. सगळे नववीतच सुरू करतील, म्हणजे कुणी मागे राहणार नाही. ज्यांच्याकडे पैसे होते त्यांनी बाहेरून तो करून घेतला. दहा वर्षं भांडण चाललं. फेब्रुवारी २०२४ मध्ये शाळा मंडळाने तो परत आणायचं ठरवलं आणि पुढच्याच महिन्यात मतदारांनीही मतपत्रिकेवर त्याला कौल दिला. आठवीच्या मुलांनी एक्स कधी शिकावा यावर शहरभर मतदान! चाळीसगावात ही गोष्ट सांगितली तर माझ्या मामांना ती थाप वाटेल.

इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत मात्र ती कुणालाच थाप वाटत नाही. शाळेच्या भाड्याच्या हॉलमध्ये आरती होते, मोदकांचे ट्रे फिरतात, आणि हातात कागदी प्लेट घेऊन उभ्या राहिलेल्या आयांमध्ये पाचव्या मिनिटाला प्रश्न येतो: तुमची कुठल्या मॅथमध्ये आहे? उत्तर एका शब्दाचं असावं लागतं. साधं, त्याच्या वरचं ऑनर्स, की कॉलेजच्या पातळीचं एपी. आमची साध्यात आहे. मी तसं म्हटलं की समोरचीचा चेहरा क्षणभर मऊ होतो, एखाद्याच्या घरी आजारपण आहे हे कळल्यावर होतो तसा. मग ती दिलासा देते: अगं, वेव्हर भरून टाक ना, शिफारस नसली तरी पालकांनी सही केली की घेतात वरच्या वर्गात. खरं आहे ते. तसा फॉर्म असतो. त्यावर लिहिलेलं असतं, की शिक्षकांच्या सल्ल्याविरुद्ध हा वर्ग आम्ही निवडत आहोत आणि परिणामांची जबाबदारी आमची. तो फॉर्म आमच्या घरी मे महिन्यात येऊन गेला होता. नवऱ्याने तो भरलाही होता, सुबक अक्षरात. लेकीने सही करायला नकार दिला. त्यावर विद्यार्थ्याचीही सही लागते, हे त्या शाळेबद्दलचं माझं सर्वांत चांगलं मत आहे.

एपीवाल्यांचं प्री-कॅल्क्युलस तसं नवंच आहे. एपी आणि एसएटी या परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्ड या संस्थेने ते २०२३ च्या हंगामात सुरू केलं, पहिली परीक्षा मे २०२४ मध्ये झाली. तीन तासांचा पेपर. थोडा कॅल्क्युलेटरसह, बराचसा त्याच्याशिवाय. अभ्यासक्रमाचे चार घटक, त्यातले परीक्षेला तीनच. चौथ्यात व्हेक्टर आणि मॅट्रिक्स आहेत. तो शाळेने शिकवायचा असेल तर शिकवावा. परीक्षेला नसलेल्या धड्याचं पुढे काय होतं, हे आपल्याला नव्याने कुणी सांगायला नको.

सप्टेंबर संपताना शाळेत पालकांची रात्र असते. मुलांचं वेळापत्रक हातात घेऊन आपण त्यांच्यासारखंच एका वर्गातून दुसऱ्या वर्गात पळायचं, प्रत्येक तासाला जेमतेम दहा मिनिटं. घंटा खरी वाजते. मी लेकीच्या बाकावर बसले. बाक आणि खुर्ची एकाच लोखंडी नळीत जोडलेले, गुडघे वर येतात. भिंतीवर रिकामं युनिट सर्कल टांगलेलं होतं, सोळा बिंदूंचं. आठवड्याभरात मुलांना कोरं वर्तुळ मिळणार होतं आणि ठरलेल्या मिनिटांत सोळाही ठिकाणचे अंश, रेडियन आणि निर्देशांक भरून द्यायचे होते. बाई तरुण होत्या, घसा बसलेला. त्यांनी सिलॅबसचा उल्लेखही केला नाही. म्हणाल्या, या वर्षीचं अवघड गणित मुलांना जमतं, त्यांना आडवं येतं ते सातवीचं. अपूर्णांकांची बेरीज. ऋण चिन्ह कंसाबाहेर काढणं. आणि एक लाडकी चूक त्यांनी फळ्यावर लिहिली: ए अधिक बी, कंसाचा वर्ग, बरोबर ए वर्ग अधिक बी वर्ग. वर्ग हसला, म्हणजे आम्ही पालक हसलो. आमच्यातले निम्मे तरी आयटीत, उरलेले औषध कंपन्यांत. मधलं टू एबी कुणाच्या जिभेवरून घसरेल! पण बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, ही चूक करणारा मुलगा नियम विसरलेला नसतो. तो घाईत असतो, आणि गेली चार वर्षं घाईत असतो, कारण त्याला पुढच्या वर्गात पोचायचं असतं.

मग प्रश्न विचारायची वेळ आली. पहिला प्रश्न: ए मिळायला किती टक्के लागतात? दुसरा: ऑनर्सचा वर्ग तुमच्यापेक्षा किती धडे पुढे आहे? तिसरा प्रश्न माझ्या शेजारच्या गृहस्थांचा, आणि तो विचारताना ते उभे राहिले: यात कुठे कॅल्क्युलस आहे का? घंटा वाजली. बाईंचं उत्तर राहिलं. मला वाटतं त्यांना ते राहिलेलंच बरं वाटलं असावं. कारण या विषयाची अडचण पाटीवरच लिहिलेली आहे. त्याला स्वतःचं नाव नाही, पुढच्याच्या आधीचा म्हणून तो ओळखला जातो. वर्गातल्या कित्येक मुलांना कॅल्क्युलस कधीच घ्यायचं नसतं. त्यांच्यासाठी हेच शेवटचं मोठं गणित. ज्या वर्षी ती पहिल्यांदा पाहणार आहेत की भरतीओहोटी, चक्रवाढ व्याज आणि गिटारची तार सगळी फंक्शनच्या आलेखांनी कागदावर उतरतात, ते वर्ष त्यांना कशाच्या तरी आधीचं म्हणून विकायचं, हे मला पटत नाही.

चौकटीत मी शेवटी लिहिलं: रात्री अकराच्या आत झोपावी. लेकीने कपाळावर हात मारून घेतला. बाईंनी त्यावर काही लिहून पाठवलं नाही.

पण ते लिहिताना मला पाटणादेवी का आठवावी? आमच्या शाळेची सहल दरवर्षी तिथेच जायची. गावापासून जवळ, डोंगराच्या कुशीत, डब्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा, परतताना हमखास कुणीतरी ओढ्यात पडलेलं. इतिहासाचे सर सांगायचे, भास्कराचार्य इथले. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यादवांच्या दरबारी ज्योतिषी होता आणि आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने पाटण्याला मठ काढला. शके ११२८ च्या तिथल्या शिलालेखात ते कोरलेलं आहे. सुरुवात संस्कृतात आहे, आणि शेवटी, जिथे पैशांची गोष्ट येते तिथे भाषा मराठी होते: बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरचा अमुक हिस्सा मठाला. लहानपणी मला हे फार कंटाळवाणं वाटे. शिलालेखात काही तरी शूर असायला हवं, जकात कसली! आता मला त्या दगडाबद्दल वेगळंच कुतूहल वाटतं. मठ कुणी चालवायचा, खर्च कुणी उचलायचा, सगळं कोरून ठेवलंय. तिथे येऊन बसणाऱ्याला आधी काय यायला हवं, हे मात्र त्या काळात ग्रंथातच असे. भास्कराचार्यांच्या ११५० मधल्या लीलावतीची सुरुवात पाहा. मंगलाचरण झालं की लगेच परिभाषा: किती कवड्यांची काकिणी, वजनं कशी, लांबी कशी, धान्याचं माप कुठलं. एवढं घेऊन मग बेरीज. म्हणजे आधी बाजारात उभं राहता आलं पाहिजे. अल्जिब्रा टूच्या श्रेणीपेक्षा ही अट मला सोपी वाटत नाही, पण प्रामाणिक वाटते.

कागदातली एक अट मी पहिल्या वाचनात सोडून दिली होती आणि तीच पुढे सगळ्यात जड निघाली. टेस्टमध्ये कमी गुण पडले तर रीटेक देता येते. आमच्या मार्चच्या एका सकाळी जे व्हायचं ते होऊन जायचं. पुन्हा म्हणजे ऑक्टोबर, आणि ऑक्टोबर म्हणजे गावभर बोभाटा. म्हणून रीटेक हा शब्द ऐकला की माझ्यातली चाळीसगावकर नाक मुरडते. लाड आहेत हे. नोव्हेंबरमध्ये लेकीची लॉगॅरिदमची टेस्ट बिघडली तेव्हा पूर्ण अट कळली. रीटेकच्या आधी चुकलेला प्रत्येक प्रश्न नव्या कागदावर पुन्हा सोडवायचा, आणि शेजारी वाक्यात लिहायचं की मी काय केलं, आणि ते करताना मला काय वाटत होतं. नियम लिहायचा नाही. तेव्हा डोक्यात काय होतं ते लिहायचं. ती रविवारची दुपार मला आठवते. बाहेर शेजाऱ्यांचा लीफ ब्लोअर घरघरत होता, ती जेवणाच्या टेबलावर पेन्सिलीचं टोक चावत होती. दोन संख्यांच्या बेरजेचा लॉग म्हणजे त्यांच्या लॉगची बेरीज, असं तिने चार ठिकाणी धरलं होतं. गुणाकाराचा नियम बेरजेला लावलेला. तिने आधी लिहिलं, ‘चुकून’. खोडलं. मग लिहिलं, ‘घाई’. तेही खोडलं. मग बराच वेळ काहीच नाही.

तिच्या जागी मला कुणी असा कागद दिला असता तर मी काय लिहिलं असतं? मला ती चूक कधी झालीच नाही. शहाणपणाने नव्हे, लॉग टेबलात बोट फिरवून गुणाकार इतके केले होते की बेरजेला तिथे जागाच नव्हती. ते मी तिला सांगितलं, टेबल कसं वाचायचं ते कागदावर काढूनही दाखवलं. दोन आणि तीनचे लॉग मिळवले की सहाचा मिळतो, पाचाचा नाही. तिने आपल्या कॅल्क्युलेटरवर ताडून पाहिलं. तो आलेख काढणारा कॅल्क्युलेटर म्हणजे एक प्रकरण आहे. शंभर डॉलरच्या वर किंमत, मूळ मॉडेल २००४ चं, आता पडदा रंगीत झालाय एवढंच. यादीत तो आवश्यक म्हणून आहे, पण ज्यांना परवडत नाही त्यांना शाळा वर्षभरासाठी उसना देते, पाठीवर पिवळ्या रंगाचा नंबर घालून. लेकीच्या मैत्रिणीकडे तसा पिवळ्या नंबरचा आहे. एसएटीच्या डिजिटल परीक्षेत तर २०२४ पासून आलेख काढणारं साधन पडद्यावरच मिळतं, फुकट. तरीही यादीतून तो महागडा डबा हललेला नाही.

“म्हणजे तुम्हाला हे पाठ नव्हतं करावं लागलं?” तिने विचारलं. पाठ तर केलंच होतं, भिंतीला कागद चिकटवून. पण तिने लिहिलं ते माझ्या सांगण्यावरून नव्हतंच. तिने लिहिलं, की लॉग हे एखाद्या संख्येचं नाव असावं आणि ते कंसात वाटून देता येतं, असं मला वाटत होतं. ते फंक्शन आहे हे मी विसरले नव्हते, मला ते कधी कळलंच नव्हतं. हे वाक्य मी दोनदा वाचलं. माझ्या अकरावीत असं वाक्य लिहिण्याची सोय कुठेच नव्हती. आर्ट्सला गेलेल्या त्या मुलीलाही नव्हती.

रीटेकमध्ये तिला फार काही जास्त मिळाले असं नाही. अटीनुसार रीटेकच्या गुणांना वरची मर्यादा असते, आणि त्यावर नवऱ्याचं म्हणणं असं की मग एवढी मेहनत करायची कशाला. तो आयआयटीच्या तयारीच्या क्लासमधून वर आलेला माणूस आहे, पुन्हा सोडवायला मिळणं हेच त्याला संशयास्पद वाटतं. मी वाद घातला नाही. पोळ्या लाटत होते.

आता फेब्रुवारी आला आहे आणि पुढच्या वर्षीचे विषय निवडायचा फॉर्म आलाय. बाईंनी कॅल्क्युलससाठी शिफारस केली आहे. लेकीला स्टॅटिस्टिक्स घ्यायचं आहे. तिने कारणांचं एक पान लिहून आमच्यासमोर ठेवलं, पायऱ्यांसकट, पेन्सिलीने. घरात दोन मतं आहेत. त्यातलं एकच सध्या लेखी आहे.